जुन्या गाड्यांच्या हेडलाइटची काच : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सुरतेतल्या उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या पट्ट्यात राहणाऱ्या खानदेशी कुटुंबांना गावाकडे जायला दोन वाटा आहेत. उधना जंक्शनहून फुटणारी ताप्ती खोऱ्याची रेल्वे नंदुरबार, अमळनेर, जळगाव करत भुसावळला पोचवते. स्वतःची गाडी असेल तर बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर आणि मग कोंडाईबारीचा घाट ओलांडून धुळे. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ६ म्हणून ओळखला जाणारा हा रस्ता आता ५३ क्रमांकाचा झाला आहे. लग्नसराईत, दिवाळीत हा प्रवास बहुधा रात्रीच होतो. घरातली जुनी फियाट किंवा जीप अजून चालती असेल, तर तिच्या हेडलाइटची परीक्षा सोनगडच्या पुढे लागते. शहरात रस्त्यावरच्या दिव्यांमुळे जे झाकून जातं, ते तिथे उघडं पडतं.

परत आल्यावर गाडी गॅरेजमध्ये जाते आणि सल्ल्यांना सुरुवात होते. काच बदला, काच पिवळी करा, वरचा अर्धा भाग काळा करा, क्रिस्टल काच लावा. सल्ले बहुतेक वेळा चांगल्या मनानं दिलेले असतात, पण त्यांतले बरेच चुकीचे आहेत आणि एक-दोन सरळसरळ धोक्याचे. जुन्या गाड्यांच्या मूळ काचा आता मिळेनाशा होत चालल्या आहेत. निव्वळ गैरसमजापोटी एखादी धडधाकट काच भंगारात गेली, तर ते नुकसान सहसा भरून निघत नाही. म्हणून हा विषय नीट मांडून ठेवण्याची गरज वाटते.

गैरसमज : काच म्हणजे बल्बवरचं झाकण

बाकीचे बहुतेक गैरसमज याच समजुतीतून निघतात. बल्ब उजेड देतो, मागचा रिफ्लेक्टर तो पुढे फेकतो आणि काच धूळ-पाण्यापासून राखण करते, असं आपण धरून चालतो. आजच्या नव्या गाड्यांबाबत हे पुष्कळसं खरंही आहे. जुन्या गाड्यांबाबत ते खरं नाही.

फियाट ११०० किंवा पुढे तिचीच झालेली प्रीमियर पद्मिनी, अ‍ॅम्बॅसेडर, जीप या साऱ्यांच्या गोल दिव्यांतला रिफ्लेक्टर पॅराबोला आकाराचा असतो. अशा रिफ्लेक्टरच्या केंद्रबिंदूवर फिलामेंट ठेवलं की प्रकाश जवळजवळ समांतर किरणांच्या झोतात बाहेर पडतो. काच काढून दिवा भिंतीवर मारून बघा, मधोमध एक झगझगीत गोळा दिसेल आणि भोवती फारसं काही नसेल. एवढ्या झोतावर गाडी चालवता येणार नाही. वळणावरची साइडपट्टी दिसणार नाही, कडेनं चाललेला माणूस दिसणार नाही, आणि समोरून येणाऱ्याचे डोळे मात्र दिपतील.

या झोताचा रस्त्याजोगा पसारा करण्याचं काम काच करते. तिच्या आतल्या बाजूला ज्या उभ्या पन्हाळ्या असतात, त्यांतली प्रत्येक पन्हाळी एक लहानसं दंडगोल भिंग असते. ती प्रकाश डावी-उजवीकडे पसरवते. काही चौकोनांत काच एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ असते. ते चौकोन म्हणजे लोलक. लोलकातून जाणारा किरण जाड बाजूकडे वळतो, त्यामुळे खालची बाजू जाड ठेवली की प्रकाश खाली रस्त्याकडे वळतो. कुठे पन्हाळ्या दाट, कुठे विरळ, कुठे मधेच साधा भाग, यातलं काहीही शोभेसाठी नसतं. रिफ्लेक्टरच्या कोणत्या भागातून आलेला प्रकाश रस्त्याच्या कोणत्या भागावर टाकायचा, याचा तो काचेत दाबून बसवलेला नकाशा असतो. साच्यात वितळलेली काच दाबून हे भाग घडवतात, आणि पन्हाळ्या बहुधा आतल्या बाजूला ठेवतात, म्हणजे बाहेरचा पृष्ठभाग गुळगुळीत राहतो आणि त्यावर चिखल साचत नाही.

काच उजेड निर्माण करत नाही आणि वाढवतही नाही. उलट थोडा खाते. काच आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवर सुमारे ४ टक्के प्रकाश मागे फिरतो. दोन पृष्ठभाग धरले तर स्वच्छ काचेतूनसुद्धा साधारण ९२ टक्केच पुढे जातो. एवढी किंमत घेऊन ती प्रकाश कुठे पडायचा ते ठरवते, आणि रात्री चालवणाऱ्याच्या दृष्टीनं तेच सगळ्यांत महत्त्वाचं आहे.

गैरसमज : पन्हाळीची काच जुनाट, साधी क्रिस्टल काच लावली की उजेड वाढतो

नव्या गाड्यांच्या हेडलाइटवरचं आवरण आरपार स्वच्छ दिसतं, तिथून ही समजूत आली असावी. पण त्या गाड्यांमध्ये पन्हाळ्यांचं काम रिफ्लेक्टरकडे दिलेलं असतं. तो पॅराबोलाचा सरळ वाडगा नसतो. त्याचे लहान-लहान पैलू पाडलेले असतात आणि प्रत्येक पैलू आपल्या वाट्याचा प्रकाश ठरलेल्या जागी टाकतो. संगणकावर असे आकार काढता येऊ लागल्यानंतरच हे शक्य झालं. तिथे पुढचं आवरण खरोखर नुसतं झाकण असतं.

जुन्या रिफ्लेक्टरवर साधी काच लावली तर प्रकाशाला वाट दाखवणारं कुणीच उरत नाही. मधला गोळा जास्त झगझगीत दिसतो, त्यामुळे गॅरेजच्या दारात उजेड वाढल्याचा भास होतो. घाटातल्या पहिल्याच वळणावर तो भास संपतो. क्रिस्टल दिवा बसवायचाच असेल तर काच आणि रिफ्लेक्टर असा पूर्ण जोडीचा संच बसवावा लागतो. सात इंची गोल दिव्याचं माप अ‍ॅम्बॅसेडर, पद्मिनी, जीप यांपासून जुन्या बुलेटपर्यंत सगळीकडे सारखं असल्यानं असे संच सहज मिळतात. मात्र गाडीचा चेहरा त्यानं बदलतो, आणि ज्याला गाडी मूळ रूपात राखायची आहे त्यानं या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

जिथे काच आणि रिफ्लेक्टर वेगळे करताच येत नाहीत, असाही एक प्रकार आहे, सील्ड बीम. अमेरिकेत तो १९४० मध्ये आला. त्यात काच, रिफ्लेक्टर आणि फिलामेंट मिळून एकच बंद दिवा असतो, मोठ्या बल्बसारखा. काचेला तडा गेला की आत हवा शिरते, फिलामेंट जळतं आणि अख्खा दिवा बदलावा लागतो. गैरसोय खरी, पण एक मोठा फायदाही होता. रिफ्लेक्टरपर्यंत धूळ, ओल काही पोचत नसे, आणि दिवा बदलला की काच, रिफ्लेक्टर, फिलामेंट सगळंच नवं मिळे.

गैरसमज : गोल काच कशीही फिरवून बसवली तरी चालते

काच गोल असली तरी तिच्यावरच्या पन्हाळ्यांना वर-खाली, डावं-उजवं आहे. म्हणून बहुतेक काचांच्या कडेला वरची बाजू दाखवणारी खूण असते, किंवा रिंगच्या खाचेत बसणारा उंचवटा असतो. रबर बदलताना ती खूण न पाहता काच बसवली की सगळा पसारा तिरका होतो. एका बाजूचा प्रकाश झाडांच्या शेंड्यांवर, दुसऱ्या बाजूचा बंपरपुढच्या खड्ड्यात. मग स्क्रू फिरवून फोकस साधण्याची खटपट सुरू होते, आणि ती यशस्वी होत नाही, कारण स्क्रूनं दिवा वर-खाली, डावी-उजवीकडे कलतो, पण काच आपल्या जागी फिरत नाही.

याहून गंभीर चूक परदेशी काचेच्या बाबतीत होते. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतो. त्यामुळे आपल्या डिपरचा प्रकाश उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या बाजूला, खाली दाबलेला असायला हवा आणि डाव्या कडेला थोडा चढता, म्हणजे साइडपट्टी आणि कडेचा माणूस लांबून दिसतो. काच, रिफ्लेक्टर आणि बल्ब बसण्याची जागा यांनी मिळून तो चढ साधलेला असतो. अमेरिका, जर्मनी, इटली किंवा फ्रान्समधल्या रस्त्यांसाठी बनवलेल्या दिव्यात हा चढ उजवीकडे असतो. तो दिवा इथे लावला तर डिपर दिल्यावरही आपण समोरच्याच्या डोळ्यांत प्रकाश फेकत राहतो, आणि आपल्याला ते कळतही नाही.

युरोपीय मानकाच्या काचेवर हे ओळखायची सोय आहे. वर्तुळातल्या ‘ई’ अक्षराजवळ बाण आहे का ते पाहा. दिव्यासमोर उभं राहून बघताना आपल्या उजव्या हाताकडे रोखलेला बाण दिसला, तर काच डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठी आहे, म्हणजे आपल्या कामाची. बाणच नसेल तर ती उजवीकडून चालणाऱ्या देशांची. दोन्ही टोकांचा बाण असेल तर तो दिवा दोन्हीकडे जुळवून घेता येतो. जुन्या सामानाच्या बाजारात काच हातात घेतल्यावर किंमत विचारण्याआधी हा बाण शोधावा.

गैरसमज : वरचा अर्धा भाग काळा केला की समोरच्याला त्रास होत नाही

आपल्या देशात हा गैरसमज सगळ्यांत खोल रुजलेला आहे. कित्येक वर्षं ट्रक, टॅक्सी, जीप, रिक्षा यांच्या हेडलाइटचा वरचा अर्धा भाग किंवा मधला गोल काळ्या रंगानं रंगवलेला दिसायचा. शहरोशहरी वाहतूक पोलिसांच्या मोहिमांतही काळ्या पट्ट्या चिकटवल्या गेल्या. हेतू अगदी योग्य होता. समोरून येणाऱ्या प्रखर दिव्यानं डोळे दिपणं हे रात्रीच्या अपघातांचं खरं कारण आहे. उपाय मात्र चुकीच्या जागी लावला गेला.

समजूत अशी की काचेच्या वरच्या भागातून निघणारा प्रकाश वर जातो आणि खालच्या भागातून निघणारा खाली. प्रत्यक्षात तसं घडत नाही. पॅराबोलाच्या दिव्यात काचेचा प्रत्येक भाग रस्त्यावरच्या पसाऱ्यात आपला वाटा टाकत असतो. वरचा भाग झाकला म्हणून आकाशाकडचा प्रकाश कमी होऊन रस्त्यावरचा तसाच राहतो, असं होत नाही. सगळाच कमी होतो.

एच-४ बल्बच्या बाबतीत तर गोष्ट याहून वाईट आहे. हा दोन फिलामेंटचा हॅलोजन बल्ब १९७१ मध्ये युरोपात आला आणि नंतर जुन्या गाड्यांतही सर्रास बसवला गेला. त्याच्या डिपरच्या फिलामेंटखाली धातूची एक छोटी वाटी असते. ती खाली जाणारा प्रकाश अडवते, त्यामुळे डिपरवर रिफ्लेक्टरचा फक्त वरचा अर्धा भाग उजळतो. तिथून प्रकाश खाली झुकून, काचेच्या वरच्या अर्ध्या भागातून रस्त्यावर पडतो. आता त्याच वरच्या अर्ध्यावर काळा रंग दिला तर काय उरलं? समोरच्याला त्रास न देणारा डिपर जवळजवळ मेला, आणि अप्पर मात्र अर्धा जिवंत राहिला. डिपरवर काहीच दिसत नाही म्हणून ड्रायव्हर अप्परवरच गाडी चालवतो, आणि ज्यासाठी रंग लावला त्याच्या नेमकं उलट घडतं. ब्रिटिश धाटणीच्या जुन्या बल्बमध्ये ही वाटी नसते, तिथे डिपरवरही पूर्ण रिफ्लेक्टर वापरला जातो. अशा गाडीत काळ्या रंगानं अर्धा डिपर जातो. नुकसान थोडं कमी, पण नुकसानच.

मग लोकांना फरक का जाणवला? कारण एकूण प्रकाशच घटला, तेव्हा दिपणंही घटलं. दिवा विझवला असता तर ते पूर्ण थांबलं असतं. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत ब्लॅकआउटच्या काळात गाड्यांचे दिवे झाकले जात. तेव्हा हेतू शत्रूच्या विमानाला उजेड दिसू नये हा होता आणि गाड्या सावकाश चालत. रात्रीच्या महामार्गासाठी ती पद्धत उपयोगाची नाही.

तुमच्या गाडीच्या काचेवर असा जुना रंग अजून असेल तर तो काढा. काच खरवडू नका. थिनरमध्ये भिजवलेला कपडा काही वेळ रंगावर धरून ठेवला की रंग मऊ होऊन निघतो. बाहेरच्या बाजूला थिनरनं काचेला काही होत नाही, फक्त कडेच्या रबराला आणि गाडीच्या रंगाला तो लागू देऊ नका.

गैरसमज : काच जुनी झाली की पिवळी पडते, टूथपेस्टनं घासावी

पिवळं पडतं ते पॉलिकार्बोनेट, म्हणजे नव्या गाड्यांचं प्लॅस्टिकचं आवरण. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याच्यावरचा संरक्षक थर खराब होतो आणि खालचं प्लॅस्टिक धुरकट होतं. टूथपेस्टनं त्यावर थोडा वेळ फरक दिसतो. काचेला हा रोग होत नाही. पन्नास-साठ वर्षांची काचसुद्धा उन्हानं पिवळी पडत नाही. फार जुन्या, पहिल्या महायुद्धाच्या आसपासच्या आणि त्याआधीच्या काही काचांमध्ये मँगॅनीज घातलेलं असे. त्या वर्षानुवर्षांच्या उन्हानं फिक्या जांभळ्या होतात. संग्राहक अशा छटेवरून काचेचं वय ताडतात. तशी काच हाती आली तर ती बदलायच्या भानगडीत पडू नये.

काचेचा खरा आजार वेगळा आहे. पुढच्या गाडीच्या चाकांतून उडणारी वाळू आणि बारीक खडी वर्षानुवर्षं आदळून तिच्यावर सूक्ष्म खड्डे पडतात. दिवसा काच स्वच्छ दिसते, पण रात्री प्रत्येक खड्डा प्रकाश भलत्या दिशेला उधळतो. पुढचा रस्ता फिका होतो आणि डिपरच्या वरच्या, अंधार असायला हव्या त्या भागात पांढुरकं धुकं तयार होतं. ओळखायची रीत सोपी आहे. काच काढून धुऊन, अंधाऱ्या खोलीत तिच्यावर एका बाजूनं तिरका टॉर्च मारा. काच चांगली असेल तर पन्हाळ्यांच्या कडा तेवढ्या चमकतील. खड्डे असतील तर पूर्ण पृष्ठभाग चांदण्यासारखा लुकलुकेल.

हलके ओरखडे सिरियम ऑक्साइडच्या पावडरनं, ओल्या फेल्टवर, धीरानं घासून जातात. भिंगं आणि आरसे घासणारेही हीच पावडर वापरतात. खोल खड्डे घालवण्याच्या नादात काचेचा आकार बिघडतो, तेव्हा तिथे हात आवरावा. आतली, पन्हाळ्यांची बाजू तर कधीही पॉलिश करू नये. तिथे कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे.

गैरसमज : काच स्वच्छ आहे, तरी उजेड कमी, म्हणजे जास्त वॉटचा बल्ब हवा

इथे काचेच्या मागे बघावं लागतं, कारण काचेच्या माथी मारलेले निम्मे दोष तिचे नसतातच.

पहिला संशयित रिफ्लेक्टर. जुन्या दिव्यांचे रिफ्लेक्टर चांदीचा मुलामा दिलेले असत, पुढे निर्वात पेटीत अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर चढवला जाऊ लागला. चांदी सुमारे ९५ टक्के प्रकाश परत फेकते, चांगला अ‍ॅल्युमिनियमचा थर ८५ ते ९० टक्के. पण हवेतल्या गंधकयुक्त वायूंनी चांदी काळवंडते. सुरतेत हे वेगळं सांगायला नको. इथला जरीचा धंदा चांदीच्या तारेवर उभा आहे आणि सुरतेच्या जरीला २०१० मध्ये भौगोलिक निर्देशांकही मिळाला. जरीकाम करणाऱ्या घरांत चांदी हवेपासून कशी जपायची ते लहान मुलांनाही ठाऊक असतं. तीच काळजी दिव्याला हवी. काच आणि रिफ्लेक्टर यांच्यामधलं रबर सुकून तडकलं की ओल आत शिरते, आणि समुद्राजवळच्या आपल्या दमट हवेत एक-दोन पावसाळ्यांत रिफ्लेक्टर डागाळतो. काचेच्या आत साचलेले थेंबही लहान-लहान भिंगांसारखे वागून प्रकाश उधळतात. रबर नवं घाला. सगळीकडून सिलिकॉन थापून दिवा बंद करू नका. हवा खेळायला ठेवलेली भोकं बुजली की आत शिरलेली ओल बाहेर पडू शकत नाही.

काळवंडलेला रिफ्लेक्टर क्रोम करून घ्यावा, हा सल्लाही ऐकू येतो. क्रोम डोळ्यांना आरशासारखं चमकदार दिसतं, पण ते जेमतेम ६० ते ६५ टक्के प्रकाश परत फेकतं. पैसे घालवून उजेड कमी करून घेण्याचा हा मार्ग आहे. अ‍ॅल्युमिनियमचा थर ब्रासोनं चोळणं त्याहून वाईट, कारण तो थर इतका पातळ असतो की कपड्याबरोबर निघून येतो. पुन्हा चांदीचा मुलामा किंवा निर्वात पद्धतीनं अ‍ॅल्युमिनियम, हे दोनच उपाय योग्य आहेत.

दुसरा संशयित वायरिंग, आणि माझ्या मते बहुतेक जुन्या गाड्यांत मुख्य गुन्हेगार तोच. बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात घटत नाही, त्याहून कितीतरी वेगानं घटतो. बल्बपाशी १२.८ ऐवजी ११.८ व्होल्ट पोचले, म्हणजे एकच व्होल्ट वाटेत गेला, तरी जवळपास पाव प्रकाश गेला. व्होल्टेज १० टक्के पडलं तर प्रकाश साधारण ३० टक्के पडतो. स्वच्छ काच ८ टक्के खाते, आणि गंजलेलं अर्थिंग तिच्या तिप्पट-चौपट. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची तार, डॅशबोर्डवरचा झिजलेला स्विच, मडगार्डच्या गंजलेल्या पत्र्यातून घेतलेलं अर्थ, प्रत्येक ठिकाणी थोडं-थोडं व्होल्टेज मरतं. इंजिन चालू ठेवून, दिवे लावून, मल्टिमीटरनं बॅटरीवर आणि बल्बच्या होल्डरवर मोजा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर रिले बसवा, बॅटरीपासून जाड तार आणा आणि अर्थ नवं करा. गाडीच्या मूळ रूपाला यानं कुठेही धक्का लागत नाही. डायनॅमोच्या गाड्यांत सावकाश वेगात दिवे मंदावतात तो दोष नव्हे, डायनॅमोचा स्वभाव आहे.

हे न करता ६०/५५ वॉटच्या जागी १०० किंवा १३० वॉटचा बल्ब घातला, तर तीच अशक्त तार आणखी तापते, होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरचा थर सोलतो आणि शेवटी काच जाते. साध्या काचेचं उष्णतेनं होणारं प्रसरण उष्णता सोसणाऱ्या बोरोसिलिकेट काचेच्या साधारण तिप्पट असतं. कंदिलाच्या तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की ती कशी तडकते, हे ज्यांनी ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला त्यांना माहीत आहे. पावसाळ्यात डबक्यातून उडालेलं पाणी तापलेल्या हेडलाइटवर तसंच पडतं. बाजारात नवी काच घेताना ती हलकी आणि पातळ वाटली, पन्हाळ्यांच्या कडा बोथट दिसल्या, तर परत ठेवा.

पिवळी काच, जाळी, एलईडी

फ्रान्समध्ये १९३० च्या दशकापासून १९९३ पर्यंत हेडलाइट पिवळे असणं सक्तीचं होतं, त्यामुळे पिवळ्या दिव्याला एक वजन आलं. पिवळा प्रकाश धुक्यातून आरपार जातो ही समजूत मात्र शास्त्राला धरून नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानानं इतके मोठे असतात की ते सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. काही जणांच्या डोळ्यांना पिवळा प्रकाश सुसह्य वाटतो, ते खरं. पण काचेला पिवळी फिल्म किंवा रंग लावला की आधीच अपुरा असलेला प्रकाश आणखी गाळला जातो. कोंडाईबारीत धुकं भेटलं तर डिपर ठेवा, वेग कमी करा, आणि बंपरखाली बसवलेले, वरची कड तोडलेले फॉग दिवे असतील तर ते लावा. जीपच्या दिव्यांवरची लोखंडी जाळी दिसायला रुबाबदार आहे, पण ती प्रकाश अडवते आणि रस्त्यावर सावल्या टाकते. रॅलीपुरती ठेवावी.

एलईडीबद्दल एवढंच की जुन्या काचेच्या पन्हाळ्या एका बारीक फिलामेंटची जागा धरून आखलेल्या आहेत. त्या जागी वेगळ्या आकाराची, वेगळ्या अंतरावरची चकती आली की काच आपलं काम चोख करूनही प्रकाश चुकीच्या जागी पाडते. दिवा पांढराशुभ्र दिसतो, समोरचा माणूस शिव्या देतो आणि लांबचा खड्डा दिसत नाही.

आता काय करावं

१५ जुलै २०२१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनं पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी खुली केली. १९६४ नंतरच्या दहा वर्षांतल्या फियाट आता त्या वयात बसतात. व्हिंटेज म्हणून नोंदवलेली गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही, पण प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती यांसाठी रस्त्यावर नेता येते. मुंबईत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमची उतरली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभारलेल्या प्रीमियर कंपनीच्या त्या गाडीचे सुटे भाग आता दरवर्षी दुर्मीळ होत जाणार. म्हणून हातातल्या काचेची कदर आत्ताच करायला हवी.

एखाद्या संध्याकाळी गाडी सपाट जागी, भिंतीपासून १० मीटरवर उभी करा. टायरमध्ये हवा पुरेशी हवी, ड्रायव्हरच्या जागी कुणी बसलेलं हवं. हेडलाइटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूनं आखा आणि तिच्या १० सेंटीमीटर खाली दुसरी रेघ ओढा. एक दिवा कापडानं झाकून दुसरा डिपरवर लावा. एच-४ दिव्यात प्रकाशाची वरची कड उजवीकडे खालच्या रेघेवर आडवी बसली पाहिजे आणि डावीकडे थोडी चढत गेली पाहिजे. कड तिरकी दिसली तर काच किंवा बल्ब फिरलेला आहे. उजवीकडे चढली तर दिवा परदेशी रस्त्याचा आहे. कड मुळीच दिसत नसेल तर खड्डे, ओल किंवा भलता बल्ब. दोन्ही दिवे असे तपासा. आधी व्होल्टेज मोजा, मग रिफ्लेक्टर बघा, मग रबर बदला, आणि काच अगदी शेवटी. ती बदलावीच लागली तर दोन्ही बाजूंच्या काचा एकाच घडणीच्या घ्या, आणि काढलेली मूळ काच वर्तमानपत्रात गुंडाळून, वरची बाजू कोणती ते लिहून घरात जपून ठेवा.